मते कुणाची, निर्णय कुणावर? निवडणुकांचे निकाल आणि इस्रायल-पॅलेस्टाईन शांतता

इस्रायलमध्ये निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्याकडे एक सोपी मांडणी फिरू लागते. नेतान्याहू हरले तर शांतता, जिंकले तर युद्ध. आम्ही वस्त्यांमध्ये तरुणांचे अभ्यासगट चालवतो. तिथेही गाझाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतेच, "पण तिथले लोक निवडून तरी कुणाला देतात?" प्रश्न रास्त आहे. निवडून आलेले सरकार जे करते त्याची जबाबदारी मतदारांवरही येते. मात्र गेल्या पन्नास वर्षांतले निकाल एकेक करून तपासले तर जनतेचा कौल आणि शांततेची बोलणी यांच्यामध्ये बरेच काही दडलेले दिसते. मतांच्या जागा कशा होतात, सरकार बनवताना कुणाचा पाठिंबा चालतो आणि कुणाचा चालत नाही, आणि ज्यांच्यावर निर्णय लादले जातात त्यांतल्या किती जणांना मत आहे, हे पाहिल्याशिवाय निकालाचा अर्थ लावता येत नाही.

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. महाराष्ट्र विधानसभेसाठी आपण २८८ मतदारसंघांत मतदान करतो आणि प्रत्येक ठिकाणी ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो. इस्रायलच्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, १२० जागा आहेत आणि अख्खा देश हाच एक मतदारसंघ आहे. मतदार उमेदवाराला नाही तर पक्षाच्या यादीला मत देतो. पक्षाला २५ टक्के मते मिळाली तर साधारण ३० जागा. लहान समूहांनाही आपापला प्रतिनिधी पाठवता येतो, म्हणून ही पद्धत कागदावर आपल्यापेक्षा न्याय्य दिसते. पण तिला एक उंबरठा आहे. ठरावीक टक्केवारीपेक्षा कमी मते पडली तर त्या पक्षाला शून्य जागा मिळतात आणि त्याची सगळी मते वाया जातात. आज हा उंबरठा ३.२५ टक्के आहे. सरकार बनवायला ६१ जागा लागतात. १९४९ च्या पहिल्या निवडणुकीपासून आजवर एकाही पक्षाला स्वबळावर त्या मिळालेल्या नाहीत. त्यामुळे तिथे प्रत्येक सरकार हे चार-पाच पक्षांचे कडबोळेच असते आणि त्या कडबोळ्यातला सर्वांत लहान पक्षसुद्धा पंतप्रधानाला वेठीस धरू शकतो.

१९९२ : अर्ध्या टक्क्याची गोष्ट

ऑस्लो करार म्हटला की १३ सप्टेंबर १९९३ चे व्हाइट हाउसच्या हिरवळीवरचे छायाचित्र आठवते. मध्ये बिल क्लिंटन, एका बाजूला यित्झाक राबिन, दुसऱ्या बाजूला यासर अराफत. इस्रायली जनता युद्धाला कंटाळली, तिने शांततावादी नेता निवडला आणि करार झाला, असे साधारण सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे.

जून १९९२ च्या निवडणुकीत राबिन यांच्या मजूर पक्षाला ४४ जागा मिळाल्या आणि डाव्या विचारांच्या मेरेत्झला १२. दोन्ही मिळून ५६. बहुसंख्य अरब मतदार असलेला हदाश (३) आणि अरब लोकशाही पक्ष (२) धरले तर बरोबर ६१. एकही जागा जास्त नाही. आता दुसरी बाजू पाहा. उजव्या आणि धार्मिक पक्षांना मिळालेली एकूण मते या चार पक्षांपेक्षा किंचित जास्तच होती. पण त्या निवडणुकीच्या आधी उंबरठा १ टक्क्यावरून दीड टक्क्यावर नेण्यात आला होता आणि कडव्या उजव्या तेहिया पक्षाला सुमारे १.२ टक्के मते पडली. त्याचे एकतीस हजारांवर मतदार मोजणीतून बाहेर फेकले गेले. उंबरठा जुनाच राहिला असता तर तेहिया संसदेत आला असता, ६१ चे ते गणित जमले नसते, आणि यित्झाक शामीर यांना पुन्हा सरकार बनवण्याचा प्रयत्न तरी करता आला असता.

राबिन यांनी धार्मिक शास पक्षाला सोबत घेऊन सरकार बनवले. शास लवकरच बाहेर पडला आणि त्यानंतर सरकार अरब पक्षांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर उभे राहिले. ऑस्लोच्या पहिल्या कराराला क्नेसेटमध्ये ६१ विरुद्ध ५० अशी मंजुरी मिळाली, काही जण तटस्थ राहिले. दुसऱ्या करारावर ५ ऑक्टोबर १९९५ रोजी मतदान झाले तेव्हा निकाल होता ६१ विरुद्ध ५९.

विरोधकांचा प्रचार याच आकड्यावर चालला. हे 'ज्यू बहुमत' नाही, अरब आमदारांच्या मतांवर पवित्र भूमी देऊन टाकली जात आहे, असे सभांमधून सांगितले गेले. म्हणजे देशाचे नागरिक असलेल्या, कर भरणाऱ्या, रीतसर निवडून आलेल्या पाच जणांचे मत हे मत म्हणून मोजायचेच नाही, अशी ती मागणी होती. आपल्या वाचकांना या युक्तिवादाचा वास ओळखू यायला वेळ लागू नये. दुसऱ्या करारावरच्या मतदानाला महिनाही झाला नव्हता तोच, ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवमधल्या शांतता सभेनंतर यिगाल आमीर या ज्यू अतिरेक्याने राबिन यांची गोळ्या घालून हत्या केली.

तीस हजार मतांपेक्षा कमी

हत्येनंतर शिमोन पेरेस पंतप्रधान झाले. सहानुभूतीची लाट होती, चाचण्यांत ते खूप पुढे होते, म्हणून त्यांनी निवडणूक अलीकडे ओढली. मग १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये आत्मघाती स्फोटांची मालिका झाली. हमास आणि इस्लामिक जिहाद यांनी घडवलेल्या त्या स्फोटांत पन्नासहून अधिक माणसे मेली. बेंजामिन नेतान्याहू यांचा सुरक्षेचा प्रचार एका रात्रीत खरा वाटू लागला. पेरेस यांनी आपणही कणखर आहोत हे दाखवायला एप्रिलमध्ये लेबनॉनवर हल्ले चढवले. त्यांत काना गावातल्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर तोफगोळे पडले आणि आसऱ्याला आलेले शंभरहून अधिक नागरिक ठार झाले.

याचा परिणाम मतपेटीत दिसला. त्या वर्षी प्रथमच पंतप्रधानाची थेट निवड होत होती. अनेक अरब मतदारांनी पंतप्रधानपदासाठी कोरी मतपत्रिका टाकली. देशभरात दीड लाखाच्या आसपास मते बाद ठरली. पेरेस हरले ते तीस हजारांपेक्षाही कमी मतांनी.

करार मोडायला दोन्हीकडच्या ज्या गटांना हवा होता त्यांना बहुमताची गरज नव्हती. निवडणुकीच्या आधीच्या दोन महिन्यांत वातावरण पेटवणे पुरेसे होते. निवडणुकीचा शांततेवर होणारा परिणाम मोजताना निकालाची तारीख तेवढी पाहून चालत नाही, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

नेतान्याहू यांनी ऑस्लो उघडपणे फेकून दिला नाही. अमेरिकेच्या दबावाखाली त्यांनी जानेवारी १९९७ मध्ये हेब्रॉनचा आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये वाय नदीचा करार केला. पण अंमलबजावणी रेंगाळली, आणि जेवढे दिले तेवढ्यानेही त्यांचे उजवे सोबती बिथरले व सरकार कोसळले. १९९९ मध्ये एहुद बराक ५६ टक्के मते घेऊन आले. पुढे कॅम्प डेव्हिडची बोलणी फसली, सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा पेटला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये एरियल शेरॉन यांनी ६२ टक्के मते मिळवून बराक यांना लोळवले. चार महिन्यांपूर्वी पोलिसांच्या गोळ्यांनी आपली माणसे मेल्याचा राग असलेल्या अरब नागरिकांनी त्या मतदानावर मोठ्या प्रमाणात बहिष्कार टाकला होता.

शांतता उजवेच करू शकतात का?

हा युक्तिवादही नेहमी ऐकू येतो. १९७७ मध्ये मेनाखेम बेगिन जिंकले तेव्हा जगाने कपाळाला हात लावला होता, पण त्यांनीच १९७९ मध्ये इजिप्तशी तह केला आणि १९८२ पर्यंत अख्खे सिनाई परत दिले. २००३ च्या प्रचारात मजूर पक्षाचे अम्राम मित्झना गाझातून बाहेर पडू म्हणत होते. शेरॉन यांनी त्यांचा दारुण पराभव केला आणि २००५ मध्ये स्वतःच गाझातल्या सगळ्या, म्हणजे २१ वसाहती उठवल्या.

उजव्या नेत्याला घरातून 'देशद्रोही' ही शिवी कमी बसते, हे खरे. पण या दोन्ही उदाहरणांत पॅलेस्टिनींच्या हाती काय पडले ते पाहू. बेगिन यांनी जमीन दिली ती इजिप्त या दुसऱ्या देशाला. त्याच कॅम्प डेव्हिड करारात पॅलेस्टिनींना स्वायत्तता देण्याचे कलम होते. ते कागदावरच राहिले, आणि बेगिन यांच्याच काळात वेस्ट बँकमध्ये वसाहतींचे पेव फुटले. शेरॉन गाझातून निघाले ते कोणाशीही करार न करता, एकतर्फी. पॅलेस्टिनी प्रशासनाचे अध्यक्ष महमूद अब्बास बोलणी करायला तयार होते, पण बोलणी झालीच नाहीत. मग गाझातल्या लोकांनी श्रेय हमासच्या बंदुकीला दिले. यात नवल ते काय?

इथे थोडे विषयांतर करतो, कारण १९७७ चा निकाल समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला सोडवत नाही. १९४८ पासून सत्ता मजूर पक्षाकडे होती आणि पक्षावर युरोपातून आलेल्या ज्यूंचा पगडा होता. मोरोक्को, इराक, येमेनमधून आलेल्या ज्यूंना दूरच्या नव्या वसवलेल्या गावांत पाठवले गेले, त्यांच्या वाट्याला हलकी कामे, कमी प्रतीच्या शाळा आणि तुच्छता आली. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या तरुणांनी या अन्यायाविरुद्ध संघटना काढली आणि नाव घेतले 'ब्लॅक पँथर्स'. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोन्हींनी नाव उचलले ते अमेरिकेतल्या एकाच चळवळीचे. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, अलिबाग-रेवदंड्याकडचे शनिवार तेली, हेही त्याच काळात दिमोना, लोद, अश्दोदसारख्या गावांत जाऊन राहिले होते. धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेऊन लग्नांत आडकाठी केली, तेव्हा त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला.

अरब देशांतून आलेल्या या अपमानित ज्यूंची मते १९७७ मध्ये बेगिन यांच्याकडे वळली आणि बऱ्याच अंशी अजूनही त्यांच्या लिकुड पक्षाकडेच आहेत. ते मत मुळात पॅलेस्टिनींविरुद्धचे नव्हते. वरच्यांनी केलेल्या अपमानाचा तो हिशेब होता. पण तो चुकता झाला तो वेस्ट बँकमध्ये. गरीब कुटुंबांना स्वस्त घर, करसवलत आणि चांगली शाळा हवी होती, आणि सरकारने ती हिरव्या रेषेच्या पलीकडे, व्याप्त जमिनीवर देऊ केली. शांततेच्या छावणीला या लोकांची भाषा कधी बोलताच आली नाही. ती छावणी तेल अवीवच्या सुखवस्तू भागांत अडकून पडली आणि मग मतदार 'मागास' म्हणून नाक मुरडू लागली. आमच्या मते तिच्या ऱ्हासाचे हे कारण आत्मघाती स्फोटांइतकेच मोठे आहे.

२००६ : बंडखोरांनी घालवलेले बहुमत

आतापर्यंत एकाच बाजूच्या निवडणुका पाहिल्या. पॅलेस्टिनींच्या संसदेची शेवटची निवडणूक २५ जानेवारी २००६ रोजी झाली. हमासला १३२ पैकी ७४ जागा, फतहला ४५. जगभर मथळे झळकले की पॅलेस्टिनींनी दहशतवाद निवडला.

आकडे वेगळे सांगतात. निम्म्या जागा, म्हणजे ६६, याद्यांच्या प्रमाणात भरल्या गेल्या. तिथे हमासला सुमारे ४४ टक्के आणि फतहला ४१ टक्के मते पडली. जागा झाल्या २९ आणि २८. म्हणजे जवळजवळ बरोबरी. उरलेल्या ६६ जागा जिल्हानिहाय, ज्याला जास्त मते तो निवडून येईल अशा होत्या. तिथे हमासने ४५ जिंकल्या आणि फतहने फक्त १७. हे कसे झाले, ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला दोन वाक्यांत कळेल. हमासने जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार दिले आणि एकगठ्ठा मतदान करून घेतले. फतहमध्ये बंडाळी माजली, तिकीट न मिळालेले अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी एकमेकांची मते खाल्ली.

हमासच्या यादीचे नाव होते 'बदल आणि सुधारणा'. प्रचारात भर होता तो फतहच्या भ्रष्टाचारावर आणि कोलमडलेल्या कारभारावर. अनेकांनी मत दिले ते दवाखाना चालवणाऱ्या, पैसे न खाणाऱ्या माणसाला. याचा अर्थ हमास निरुपद्रवी होती असा नाही. बसमध्ये बसलेल्या सामान्य माणसांना उडवून देणारी ती संघटना होती आणि मतदारांना ते माहीत होते. आमचे म्हणणे एवढेच, की ४४ टक्के मतांवरून एका समाजाचे चारित्र्य ठरवणे हा अभ्यास नव्हे.

पण निकालाचा परिणाम खराच झाला. अमेरिका, युरोपीय संघ, रशिया आणि संयुक्त राष्ट्रांच्या चौकडीने अटी घातल्या की इस्रायलला मान्यता द्या, हिंसा सोडा, आधीचे करार पाळा. हमासने नकार दिला. मदत थांबली, इस्रायलने पॅलेस्टिनींच्याच कराचा पैसा रोखून धरला. २००७ च्या सुरुवातीला दोन्ही पक्षांचे संयुक्त सरकार बनले ते काही महिनेच टिकले. जून २००७ मध्ये रस्त्यावरच्या लढाईनंतर गाझा हमासकडे आणि वेस्ट बँकमधली शहरे फतहकडे, अशी फाळणी झाली.

तेव्हापासून संसदेसाठी किंवा अध्यक्षपदासाठी मतदानच नाही. अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते, ते अजून अध्यक्ष आहेत. २००६ च्या त्या दिवसानंतर अठरा वर्षांच्या झालेल्या एकाही पॅलेस्टिनी तरुणाने आपले सरकार निवडण्यासाठी मत दिलेले नाही. आम्ही तिशीतले लोक एव्हाना लोकसभा, विधानसभा, महापालिका धरून कितीदा बोटाला शाई लावून आलो आहोत. तिथली आमच्या वयाची पिढी कुणाला निवडते, हा अभ्यासगटातला प्रश्न मग वेगळाच वाटू लागतो.

२०२१ मध्ये एक संधी आली होती. मे महिन्यात संसदेची निवडणूक जाहीर झाली, ३६ याद्या दाखल झाल्या. २००२ पासून इस्रायली तुरुंगात असलेले मारवान बर्घूती यांनीही फतहमधून फुटलेल्या यादीला पाठिंबा दिला. २९ एप्रिलला अब्बास यांनी निवडणूक पुढे ढकलली. पूर्व जेरुसलेममध्ये मतदान घ्यायला इस्रायल परवानगी देत नाही, हे कारण त्यांनी दिले. ते खोटे नव्हते. पण फतहचे तीन तुकडे झाल्यावर आपण हरणार, ही भीतीही होतीच. इस्रायल, अमेरिका आणि अब्बास या तिघांपैकी कोणालाच ती निवडणूक मनापासून नको होती. दोन्ही समाजांच्या वतीने सही करू शकेल असा, लोकांनी निवडलेला पॅलेस्टिनी नेता नाही, ही तक्रार मग इस्रायल करतो. त्या नेत्याला निवडण्याची वाट मात्र अडवलेली आहे.

२०२२ : पुन्हा तोच उंबरठा

१९९२ चे गणित लक्षात ठेवा, कारण तीस वर्षांनी ते उलटे फिरले. २०१४ मध्ये उंबरठा २ वरून ३.२५ टक्क्यांवर नेला गेला. लहान अरब पक्षांना त्याचा फटका बसेल असे सगळ्यांनाच दिसत होते. अरब पक्षांनी उत्तर दिले ते एकत्र येऊन. २०१५ मध्ये त्यांच्या संयुक्त यादीने १३ जागा जिंकल्या आणि २०२० मध्ये १५. पण १ नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत ते तीन ठिकाणी फुटले. त्यांतल्या बलाद पक्षाला २.९ टक्के मते पडली आणि तो बाहेर राहिला. मेरेत्झला ३.१६ टक्के मते मिळाली. सुमारे चार हजार मते कमी पडली. मजूर पक्षाने मेरेत्झशी एकत्र यादी करावी म्हणून शेवटपर्यंत मनधरणी झाली होती, मजूर पक्षाच्या नेत्या मेराव मिखाएली यांनी ती फेटाळली होती.

नेतान्याहू यांच्या बाजूची एकूण मते आणि विरोधकांची एकूण मते यांत तीस हजारांच्या आसपास फरक होता. जागा मात्र ६४ विरुद्ध ५६ झाल्या.

या ६४ मध्ये धार्मिक झिओनवादी यादीच्या १४ जागा होत्या आणि त्यांच्याशिवाय सरकार बनत नव्हते. म्हणून इतामार बेन-ग्वीर पोलीस खात्याचे मंत्री झाले आणि बेझालेल स्मोत्रिच अर्थमंत्री. स्मोत्रिच यांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली, ती बातम्यांत कमी आली पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. संरक्षण खात्यातच त्यांना वेस्ट बँकमधल्या वसाहतींच्या नागरी कारभाराचे अधिकार मिळाले. कुठे बांधकाम मंजूर करायचे, कुठली बेकायदा वस्ती नियमित करायची, हे लष्करी अधिकाऱ्यांऐवजी वसाहतवाद्यांच्या पक्षाचा मंत्री ठरवू लागला. मे २०२५ मध्ये २२ नव्या वसाहतींना मंजुरी मिळाली. ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या पूर्वेला 'ई-१' या पट्ट्यात ३,४०० घरांची योजना मंजूर झाली. ही योजना अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय दबावामुळे अडकून होती. ती उभी राहिली की पूर्व जेरुसलेम बाकी वेस्ट बँकपासून तुटेल आणि वेस्ट बँकचे उत्तर-दक्षिण दोन तुकडे पडण्याच्या बेतात येतील.

निवडणुकीचा निकाल शांततेवर कसा परिणाम करतो, याचे सर्वांत ठोस उत्तर इथे आहे. करार एका सरकारने केला तर दुसरे सरकार तो थंड्या बस्त्यात टाकू शकते. पण डोंगरावर उभी राहिलेली इमारत, तिच्याकडे जाणारा रस्ता, तिथे जन्मलेली मुले पुढच्या निवडणुकीत नाहीशी होत नाहीत. ऑस्लोच्या वेळी पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकमध्ये सव्वा लाखाच्या आत वसाहतवासी होते. आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत. आणि ही वाढ फक्त उजव्यांच्या काळातली नाही. राबिन यांच्या आणि बराक यांच्या काळातही आकडा वर चढतच होता.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस धरली गेली. त्यानंतर इस्रायलने गाझावर लादलेल्या युद्धात, ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार साठ हजारांहून अधिक माणसे गेली. जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने पॅलेस्टिनी राष्ट्राच्या स्थापनेला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी केला. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांत विरोधी बाकांवरचे, नेतान्याहूंचे प्रतिस्पर्धी बेनी गांत्झ यांचा पक्षही होता. म्हणून 'नेतान्याहू हरले की शांतता' ही मांडणी आम्हाला भाबडी वाटते. त्यांच्या जागी येऊ पाहणारे नफ्ताली बेनेट यांचाही पॅलेस्टिनी राष्ट्राला उघड विरोध आहे.

मोजणीत नसलेले लोक

वेस्ट बँक आणि गाझा मिळून पन्नास लाखांहून अधिक पॅलेस्टिनी राहतात. त्यांच्या हवाई हद्दीवर, सीमांवर, पाण्यावर इस्रायली सरकारचा ताबा आहे, पण ते सरकार निवडायला त्यांना मत नाही. शेजारच्या टेकडीवरच्या वसाहतवाशाला ते आहे. पूर्व जेरुसलेममधल्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे फक्त रहिवासाचा परवाना आहे. ते महापालिकेला मत देऊ शकतात, क्नेसेटला नाही.

याचे एक विलक्षण उदाहरण २०२२ च्या जूनमध्ये घडले. तेव्हा बेनेट आणि यायर लापिड यांचे आठ पक्षांचे सरकार होते. त्यात मन्सूर अब्बास यांचा राआम होता, सत्ताधारी आघाडीत रीतसर सामील झालेला पहिला स्वतंत्र अरब पक्ष. वेस्ट बँकमधल्या इस्रायलींना इस्रायलचा नागरी कायदा लागू राहावा, असा एक आणीबाणीचा नियम १९६७ पासून दर काही वर्षांनी वाढवून घेतला जातो. त्याच रस्त्यावरच्या पॅलेस्टिनीला मात्र लष्करी न्यायालय. ही मुदतवाढ मतदानाला आली तेव्हा वसाहतींच्या कट्टर पाठीराख्या लिकुडने विरोधात मत दिले, केवळ सरकार पाडण्यासाठी. ठराव ५२ विरुद्ध ५८ मतांनी पडला. महिना संपण्याच्या आत क्नेसेट विसर्जित झाली, आणि विसर्जनामुळे तो नियम आपोआप वाढला. एका जमिनीवर दोन कायदे चालू राहिले, सरकार मात्र गेले.

अमेरिकेच्या निवडणुकांबद्दल थोडक्यात. १९९१-९२ मध्ये थोरल्या बुश यांनी वसाहती थांबवा म्हणून १० अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी रोखून धरली आणि शामीर यांच्या पराभवाला त्याचा हातभार लागला. उलट, डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत डिसेंबर २०१७ मध्ये जेरुसलेमला राजधानी म्हणून मान्यता मिळाली, बदल्यात इस्रायलकडून काहीच न घेता. वॉशिंग्टनने दाब दिला की तेल अवीवची समीकरणे हलतात, हे दोन्ही वेळा दिसले. दाब कधी द्यायचा हे मात्र तिथले मतदार गाझाकडे पाहून ठरवत नाहीत.

कायद्यानुसार इस्रायलची पुढची निवडणूक ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस व्हायची ठरलेली आहे. त्या रात्रीचे आकडे पाहताना पंतप्रधान कोण, हे सर्वांत शेवटी पाहावे असे आम्ही सुचवू. आधी पाहायचे ते अरब पक्ष एकत्र लढले की फुटले, आणि ३.२५ टक्क्यांच्या खाली कोणाची किती मते वाया गेली. मग विरोधी नेत्यांपैकी कोण अरब पक्षांबरोबर सरकार बनवायला तयार आहे, कारण त्यांना अस्पृश्य ठरवून ६१ गाठायचे म्हटले की एखाद्या कडव्या पक्षाचे दार ठोठवावे लागते. त्यानंतर संरक्षण खात्यातले वसाहतींचे ते टेबल कोणाकडे गेले. बातमी तिसऱ्या-चौथ्या पानावर येईल, पण ती शोधून वाचावी.

आणि पलीकडे, युद्ध संपल्यावर वर्षभरात निवडणूक घेऊ असे महमूद अब्बास यांनी सांगितले आहे. १९९६, २००५ आणि २००६ मध्ये पूर्व जेरुसलेमच्या पॅलेस्टिनींनी मतदान केले होते ते तिथल्या टपाल कार्यालयांत, इस्रायलशी झालेल्या व्यवस्थेनुसार. ती खिडकी उघडायला नवे इस्रायली सरकार हो म्हणते की नाही, ते मतदानाची तारीख जाहीर होण्याआधीच कळेल.